मोज्याच्या बाहुलीसाठी मराठी गाणं हवंय, मदत करा
नमस्कार मंडळी, मी कोथरूडला बालवाडी घेते, मुलांसाठी मोज्याची बाहुली केलीय, डोळ्यांना काळी बटणं, तोंड लाल सॅटिनचं. १९६९ ला सुरू झालेल्या सेसमी स्ट्रीट या अमेरिकन टीव्हीवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमात अक्षरं-आकडे बाहुल्यांच्या गाण्यांतूनही शिकवायचे, एकच ओळ परत परत, आणि त्यातल्या अर्नी नावाच्या बाहुल्याचं रबरी बदकाचं गाणं तर १९७० मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १६ व्या नंबरला गेलं होतं! तसं मराठीत एक ते दहा आकड्यांचं हवंय, दोन ओळींचं धृपद बास. मी गाते तेव्हा बाहुलीचं तोंड शब्दाआधीच मिटतं आणि पट्टी उंच झाली की पोरं गायची थांबतात, नुसती बघत बसतात. चार वर्षांच्या मुलांना कुठली पट्टी झेपते? पेटीवर चाल बसवून देणारं कोथरूड-कर्वेनगरात कुणी असेल तर प्लीज सांगा.