मुंबईतील स्त्रियांची वयोरचना : आज्या वाढल्या की मुली घटल्या?

नायगावकर_वहिनी

आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक अंकासाठी मी मुंबईतील स्त्रियांच्या बदलत्या वयोरचनेवर एक टिपण लिहीत आहे. दादर, परळ, लालबाग या भागांत साठीपुढच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा पुष्कळ दिसतात, आणि महापालिकेच्या मराठी शाळांत मुलींची पटसंख्या मात्र उतरत चालली आहे. मंडळातील बहुतेकींचे म्हणणे असे की, औषधोपचार सुधारले, बायका जास्त जगू लागल्या, म्हणून हे झाले. मला हे कारण अपुरे वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे की, एखाद्या शहरातील स्त्रिया ‘वयस्क’ होतात त्यामागे दीर्घायुष्य किती आणि इतर कारणे किती?

लोकगणित

तुमची शंका रास्त आहे. लोकसंख्या वयस्क होण्याचे पहिले कारण जन्म कमी होणे हे असते. दीर्घायुष्याचा क्रम त्यानंतर लागतो. विसाव्या शतकात मृत्यूदर घटला तेव्हा सर्वाधिक वाचली ती तान्ही मुले, त्यामुळे आरंभी तरी त्या सुधारणेने लोकसंख्या अधिक तरुणच केली. म्हाताऱ्यांचे प्रमाण वाढते ते प्रामुख्याने खालचे वयोगट आक्रसतात तेव्हा. एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुले, २.१ च्या आसपास असेल तर एक पिढी आपल्याइतकीच दुसरी पिढी मागे ठेवते. महाराष्ट्राचा हा दर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.९ च्या घरात आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १.७ होता. शहरी भागांत तो याहून कमी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिचा उल्लेख अंकात अवश्य करावा. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे सुमारे ९१४ मुली होत्या. निसर्गतः ही संख्या साडेनऊशेच्या आसपास असायला हवी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, तेही १९८८ साली, आणि तरीही ही स्थिती! म्हणजे मुळात जन्म कमी, आणि त्यांत मुली आणखी कमी, अशा दुहेरी कारणाने स्त्रियांच्या लोकसंख्या-मनोऱ्याचा (वयोगट खालून वर चढत्या क्रमाने रचलेल्या आलेखाचा) पाया अरुंद झाला आहे.

दीर्घायुष्याचा वाटा अगदीच नगण्य नाही. सत्तरीनंतरचा मृत्यूदर घटला की वरची टोके रुंदावतात, आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी दोन-तीन वर्षे अधिक जगत असल्याने तेथे विधवांची संख्या ठळकपणे दिसते.

गिरगाव_ते_डोंबिवली

वरील विवेचन राज्याला जितके लागू पडते तितके परळ-लालबागला पडत नाही, कारण तेथे जन्ममृत्यूंपेक्षा स्थलांतराचा परिणाम मोठा आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली, तर ठाणे जिल्ह्याची, जो तेव्हा पालघरसह एकत्र होता, ती सुमारे ३६ टक्क्यांनी वाढली. स्वतंत्र संसार थाटणाऱ्या जोडप्याला गिरणगावात जागा परवडत नाही; ते डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा गाठते आणि त्यांच्या मुली तिकडच्या जनगणनेत मोजल्या जातात. पागडीची, म्हणजे नाममात्र भाड्याची जुनी, खोली सोडवत नाही म्हणून सासू मागे राहते. तिचे वय वाढण्याचा वेग सर्वांसारखाच असतो, परंतु तिच्या आसपासचे तरुण निघून गेल्यामुळे वॉर्ड मात्र झपाट्याने म्हातारा होतो.

शाळांच्या पटसंख्येवरून मात्र मुली घटल्याचा निष्कर्ष काढू नये. इंग्रजी माध्यमाकडील ओढा हे तेथे स्वतंत्र आणि बलवत्तर कारण आहे.

जुनी_चाळ

यात इतिहासाचा भाग सुटतो आहे. मुंबई ही दीर्घकाळ एकट्या पुरुषांची नगरी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत येथे हजार पुरुषांमागे जेमतेम सहाशे स्त्रिया, आणि काही जनगणनांत त्याहूनही कमी. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार गाळ्यात दहा-पंधराजणांसोबत राही, खाणावळीत जेवी आणि बायकामुले गावी ठेवी. गिरण्यांत स्त्रियाही होत्या, तिसऱ्या दशकात एकूण कामगारांच्या सुमारे पाचवा हिस्सा, पण पुढे तो ओसरत गेला. पुरुष कामासाठी आला. स्त्री बहुधा लग्न करून किंवा कुटुंबासोबत आली, आणि एकदा आलेली सहसा परत गेली नाही. गिरणीकामगार मात्र थकला की गावी परते. या फरकामुळे पुरुषांच्या मनोऱ्यात वीस ते चाळीसच्या दरम्यान मोठा फुगवटा दिसे आणि वर तो एकदम निमुळता होई. स्त्रियांचा मनोरा त्या मानाने सरळ राहिला.

माझे मत असे की, आज परळमध्ये दिसणाऱ्या आज्यांपैकी पुष्कळ जणी साठ-सत्तरच्या दशकांत नववधू म्हणून येथे आलेल्या आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, एकट्याने येणाऱ्या पुरुषांचा गिरणगावातील ओघ आटला, आणि मुंबई शहर जिल्ह्याचे लिंग गुणोत्तर (हजार पुरुषांमागे स्त्रिया) २००१ मधील ७७७ वरून २०११ मध्ये ८३२ वर गेले. ही वाढ स्त्रियांची स्थिती सुधारल्याची खूण म्हणून मिरवली जाते, ते मला पटत नाही. तिच्यात पुरुषांच्या न येण्याचाही वाटा आहे.

नायगावकर_वहिनी

सर्वांचे आभार. आता प्रत्यक्ष तुलना करायची तर कोणते तक्ते घ्यावेत?

लोकगणित

जनगणनेचा सी-१४ हा तक्ता घ्यावा. त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट स्त्री-पुरुष असे वेगळे दिलेले असतात. तीन पथ्ये पाळावीत. मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या वर्षांसाठी बृहन्मुंबईचे एकत्रित आकडे वापरावेत. दुसरे असे की, ज्या वृद्ध स्त्रियांना जन्मतारीख ठाऊक नसते त्यांचे वय साठ, पासष्ट, सत्तर असे ठोकळ नोंदले जाते, त्यामुळे साठ ते चौसष्ट हा गट फुगलेला आणि पंचावन्न ते एकोणसाठ हा खंगलेला दिसतो. याकरिता साठ आणि त्यापुढील असा एकच गट करून त्याची टक्केवारी काढणे अधिक सुरक्षित. तिसरे, टक्केवारीसोबत प्रत्यक्ष संख्याही द्यावी, कारण प्रमाण वाढले तरी वॉर्डातील आज्यांची संख्या तितकीच राहिलेली असू शकते, आणि तसे असेल तर तुमच्या मंडळातील चर्चेचा रोख आज्यांकडून निघून गेलेल्या लेकी-सुनांकडे वळवावा लागेल. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे, तेव्हा आज आपल्या हाती २०११ पर्यंतचेच चित्र आहे, हे टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात नोंदवून टाका.