एमएक्स-५ मध्ये १.८ चं बीपी इंजिन बसवलं, टायमिंग बेल्टचा ताण नेमका कसा लावायचा?

दोन_कॅम:
नमस्कार मंडळी. १९९० सालच्या माझदा एमएक्स-५ मधलं १.६ लिटरचं इंजिन काढून १९९४ च्या गाडीतलं १.८ लिटरचं बीपी (माझदाच्या त्या इंजिनाचं सांकेतिक नाव) बसवलंय. इंजिन माउंटवर आहे, गिअरबॉक्स जोडलाय, रेडिएटर अजून बाहेर आहे, त्यामुळे पुढून हात घालायला भरपूर जागा आहे. टायमिंग बेल्ट (क्रँकवरून दोन्ही कॅम फिरवणारा दातेरी पट्टा), टेन्शनर पुली (बेल्ट ताणणारी) आणि आयडलर (बेल्टला नुसता आधार देणारी पुली) नवे. टेन्शनरची स्प्रिंग मात्र इंजिनाबरोबर आलेली जुनीच.

बेल्ट चढवून टेन्शनरचा बोल्ट सैल केला, स्प्रिंगने पुली ओढू दिली आणि तिथेच घट्ट केला. आता दोन कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) पुलींमधे बोटाने दाबलं तर बेल्ट टणक लागतो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) थोडी फिरवली की तोच बेल्ट चक्क ढिला. मग खरा ताण कुठला धरायचा? आणि बोटाच्या अंदाजापेक्षा पक्की मोजण्याची पद्धत सांगा.

शून्य_अंश:
तुम्हाला जे जाणवतंय ते बरोबर आहे. कॅमचं नाक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर चढत असतं तेव्हा कॅम मागे ढकलला जातो, नाक उतरायला लागलं की तोच कॅम पुढे पळू पाहतो. दोन कॅम आणि सोळा व्हॉल्व्ह असल्याने हा खेळ सतत चालू असतो आणि बेल्टचा ढिलेपणा इकडून तिकडे सरकत राहतो. म्हणून या इंजिनात टेन्शनर कुठेही घट्ट करून चालत नाही. क्रँकची एक ठरलेली जागा आहे, तिथेच करायचा.

प्लग चारही काढा. प्लग असतील तर कॉम्प्रेशनमुळे क्रँक झटक्याने फिरते आणि खूण हातातून निसटते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. फिरवायचं फक्त क्रँकच्या बोल्टवरून आणि समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने. कॅमच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवू नका. बेल्ट उलट ताणला जातो आणि दात सुटू शकतो. बेल्ट नसताना कॅम थोडा हलवायचा असेल तर व्हॉल्व्ह कव्हर काढून कॅमवरच्या षट्कोनाला पाना लावा, तो त्यासाठीच आहे.

आधी क्रँक पुलीची खूण ऑईल पंपाच्या खुणेला, म्हणजे बरोबर वर आणा. एक्झॉस्ट कॅमची 'ई' आणि इन्टेक कॅमची 'आय' ही अक्षरं मागच्या प्लेटवरच्या आपापल्या खुणांना लागली पाहिजेत. दोन्ही कॅम पुलींवर सगळी अक्षरं छापलेली असतात, त्यामुळे एक्झॉस्टला 'आय' लावण्याची चूक सहज होते. खात्रीसाठी दोन्ही खुणांमधले बेल्टचे दात मोजा, १९ भरले पाहिजेत.

टेन्शनर स्प्रिंग पूर्ण ताणून बाहेरच्या टोकाला तात्पुरता आवळा. बेल्ट क्रँकपासून चढवायला सुरुवात करा. आयडलरची बाजू आणि दोन कॅमच्या मधला भाग ताठ ठेवा, सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे जाऊ द्या. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला हवा. आता टेन्शनरचा बोल्ट सैल करा म्हणजे स्प्रिंग बेल्टला धरेल, पण तिथेच शेवटचा घट्ट करू नका. तुमच्याकडून नेमकं हेच झालंय.

आता क्रँक १ पूर्ण ५/६ फेरे फिरवा. म्हणजे दोन फेऱ्यांना ६० अंश कमी. क्रँक पुलीची खूण समोरून पाहताना घड्याळातल्या दहाच्या जागी येते आणि तिथे ताण लावण्याची वेगळी खूण आहे. ती जुळली की टेन्शनरचा बोल्ट पुन्हा मोकळा करा, स्प्रिंगला तिचं काम करू द्या आणि बोल्ट ३८ ते ५१ न्यूटन-मीटरला आवळा. आवळताना पुली बोल्टबरोबर फिरू पाहते, तिच्यावर लक्ष ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने किंवा पहारीने पुली रेटून 'थोडा जास्त ताण' देण्याचा मोह टाळा. ताण स्प्रिंगने ठरवायचा, आपण फक्त ती जागा पक्की करायची.

मग आणखी २ पूर्ण १/६ फेरे. एकूण चार झाले, कॅमचे दोन. सगळ्या खुणा पुन्हा सुरुवातीसारख्या जुळल्या पाहिजेत. आता गार इंजिनावर दोन कॅम पुलींच्या मधोमध ९८ न्यूटन, म्हणजे १० किलोचा दाब द्या. बेल्ट ९ ते ११.५ मिलिमीटर दबला पाहिजे.

फिरवताना दहाची खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे आणू नका. मागे फिरवलं की ढिलेपणा टेन्शनरकडून दुसऱ्या बाजूला जातो आणि सगळी मेहनत वाया. पुढे आणखी दोन फेरे मारून त्याच खुणेवर या.

तांबडी_खूण:
वरच्या उत्तरात इंजिन बदलण्याशी निगडित दोन गोष्टींची भर घालते.

सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे, १.८ मध्ये लांब. त्यामुळे जुन्या इंजिनाचा क्रँक बोल्ट, पुलीचा बॉस (मधला गाभा) यांतलं काहीही नव्या इंजिनावर वापरू नका. टॉर्कही वेगळा आहे. १.८ च्या क्रँक बोल्टला १५७ ते १६६ न्यूटन-मीटर लागतात. गाडीच्या सालाचं पुस्तक उघडलंत तर आखूड नाकाचा कमी आकडा मिळेल. त्या आकड्यावर लांब नाकाचा बोल्ट सैल राहतो, टायमिंग पुली चावीवर (पुलीला क्रँकशी अडकवणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीवर) हलायला लागते, चावीचा खाचा रुंदावतो आणि टायमिंग भटकतं. बेल्टचा ताण अचूक असून उपयोग नाही. बेल्ट, सील, स्प्रिंग सगळं इंजिनाच्या सालाप्रमाणे मागवा, गाडीच्या नाही.

दुसरं, क्रँकवर बेल्टपुढे बसणारी पातळ गाइड प्लेट. तिची वळलेली कड बेल्टपासून बाहेरच्या बाजूला हवी. उलटी बसली तर बेल्टची कड घासून काळी भुकटी पडते.

आणि रेडिएटर बाहेर आहे तोवर क्रँकचं पुढचं ऑईल सील आणि दोन्ही कॅमची सीलं बदलली नसतील तर आत्ता बदला. तेल लागलेला बेल्ट पुसून वापरता येत नाही, रबर फुगतं. वॉटर पंप या इंजिनात बाहेरच्या बेल्टवर चालतो, पण तो काढायला टायमिंग कव्हर काढावंच लागतं. त्याच्या बेअरिंगमध्ये जरा जरी खरखर असेल तर आत्ताच बदला.

दोन_कॅम:
मनापासून आभार. १ पूर्ण ५/६ ची पद्धत तंतोतंत केली. खुणा चार फेऱ्यांनंतर जुळल्या, १९ दातही बरोबर. पण दबणं १४ मिलिमीटर येतंय. मोजलं ते असं: बेल्टखालून हूक घालून वजनकाट्याने वर १० किलो ओढलं आणि पट्टीने अंतर पाहिलं.

पाना_१४:
बेल्ट पिळून बघा, ९० अंश वळला तर ताण बरोबर. इतक्या मोजमापाची खरंच गरज आहे का?

शून्य_अंश:
पिळून बघण्याचा नियम इथे लावू नका. किती वळेल हे मोकळ्या भागाची लांबी, बेल्टची रुंदी आणि हाताचा जोर या तिन्हींवर ठरतं. दोन कॅममधला भाग इतका आखूड आहे की तो ९० अंश वळला तर बेल्ट नक्कीच ढिला आहे. शिवाय आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांना पीळ आणि तीव्र वळण दोन्ही सोसत नाही.

दोन_कॅम, तुमच्या मोजण्यात एक दोष असू शकतो. बारीक हुकाने ओढलं की बेल्ट हुकापाशीच जास्त वाकतो आणि कडही दुखावते. बेल्टच्या रुंदीएवढा गुळगुळीत लाकडी तुकडा मधे घालून ओढा. दोन्ही कॅम पुलींवर बेल्टच्या पाठीला टेकेल अशी सरळ धातूची पट्टी ठेवा. आधी बिनदाबाचं अंतर, मग १० किलोवरचं, त्यातला फरक म्हणजे दबणं. तीनदा मोजा.

तरीही १३-१४ आलं तर माझा पहिला संशय त्या जुन्या स्प्रिंगवर. या पद्धतीत बेल्टला किती ओढायचं हे ठरवणारी एकमेव वस्तू ती आहे, आणि तुम्ही बाकी सगळं नवं घालून नेमकी तीच जुनी ठेवलीत. स्प्रिंग मिळेपर्यंत हे तपासून घ्या: टेन्शनर बोल्ट सैल असताना हाताने सहज सरकतो का, स्प्रिंगची दोन्ही टोकं आपल्या पिनांवर पूर्ण बसली आहेत का, आणि नव्या टेन्शनरची पाठ ब्लॉकवर सपाट टेकते का. जुन्या गंजाचा किंवा सीलंटचा एक खपला पुलीला अडवायला पुरेसा होतो.

तांबडी_खूण:
मोबाइलवर बेल्टच्या आवाजाची वारंवारता मोजणाऱ्या ॲपबद्दलही प्रश्न येईलच, म्हणून आधीच लिहिते. पद्धत खरी आहे. ताण = ४ × बेल्टचं दर मीटर वजन × मोकळ्या भागाच्या लांबीचा वर्ग × वारंवारतेचा वर्ग. वजन किलोत, लांबी मीटरमध्ये घेतली की उत्तर न्यूटनमध्ये येतं. पण वर्गामुळे वारंवारता १० टक्के चुकली की ताण २१ टक्के चुकतो. शिवाय इथे उत्पादकाने आकडा दबण्यात दिलाय, हर्ट्झमध्ये नाही. तेव्हा आपणही दबणंच मोजावं.

लोखंडी_ब्लॉक:
बाकी इंजिनं बसवणाऱ्यांसाठी एक इशारा: वरची १ पूर्ण ५/६ ची पद्धत जशीच्या तशी दुसरीकडे नेऊ नका.

होंडाची बी मालिका समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. तिथे बेल्ट बसावा म्हणून आधी ५-६ फेरे, मग पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल, क्रँक उलट-घड्याळ दिशेने कॅम पुलीच्या ३ दातांइतकी पुढे आणि तिथे बोल्ट घट्ट. तत्त्व तेच, की ताठ बाजू ताठ ठेवून ढिलेपणा टेन्शनरकडे आणायचा. जागा मात्र वेगळी.

मित्सुबिशीच्या ४जी६३ मध्ये हायड्रॉलिक टेन्शनर आहे. तो व्हाइसमध्ये सावकाश दाबून पिन घालायची. भसकन दाबलात तर आतलं सील जातं. पिन काढल्यावर दोन फेरे मारून १५ मिनिटं थांबायचं आणि मगच दांड्याचं बाहेर आलेलं अंतर मोजायचं, ते ३.८ ते ४.५ मिलिमीटर हवं. त्यात बॅलन्स शाफ्ट (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) असेल तर ऑईल पंपाची खूण जुळूनही शाफ्ट १८० अंश उलटा असू शकतो. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रू ड्रायव्हर आत घाला, ६० मिलिमीटर किंवा जास्त गेला तर शाफ्ट बरोबर आहे.

दोन_कॅम:
नवी स्प्रिंग घातली. लाकडी तुकड्याने तीनदा मोजलं: १०, १०.५, १०. खुणा जुळल्या. इंजिन सुरू झालं, तेलगळती नाही. पण पुढून बारीक शीळ येते आणि फेऱ्यांबरोबर वाढते. बेल्ट आवळ झाला असेल का? गरम इंजिनावर दाबून पाहिला तर नक्कीच टणक लागतो.

शून्य_अंश:
१० मिलिमीटर हे मर्यादेच्या मधोमध आहे, गरम इंजिनावरच्या टणकपणावरून ते बदलू नका. ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड तापून वाढतात, कॅम आणि क्रँकमधलं अंतर वाढतं आणि बेल्ट ताणला जातो. म्हणूनच आकडा गार इंजिनाचा दिलाय. गरम असताना ढिला केलात तर सकाळी गार इंजिन सुरू करताना तो सैल सापडेल, आणि दात सुटण्याचा धोका सर्वांत जास्त तेव्हाच.

शीळ कुठून येते ते असं शोधा: बाहेरचे दोन्ही बेल्ट काढा आणि इंजिन फार तर ३० सेकंद चालवा. वॉटर पंप बंद असेल, त्याहून जास्त नाही. शीळ थांबली तर अल्टरनेटर, पंप किंवा स्टीअरिंग पंपाकडे बघा. तशीच राहिली तर टायमिंग बेल्टच्या बाजूची आहे. मग इंजिन गार करून पुन्हा मोजा. ९ च्या खाली आलं तर आवळ, ११.५ च्या वर तर सैल. आवळ बेल्टची शीळ फेऱ्यांबरोबर चढते, सैल बेल्ट कव्हरवर आपटतो आणि रेस सोडताना फडफडतो.

तांबडी_खूण:
कव्हर बंद करण्याआधी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून क्रँक पुलीची खूण दाखवणारा दिवा) लावा. डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी ही टोकं जोडून, इंजिन गरम आणि आयडल ८५० च्या आसपास असताना ठिणगी पिस्टन सर्वांत वर येण्याच्या १० अंश आधी मिळाली पाहिजे. कॅम अँगल सेन्सर (कॅमची जागा ओळखणारा, ज्यावरून ठिणगीची वेळ ठरते) कॅमच्या मागच्या टोकाला आहे, त्यामुळे हा लाइट तुम्हाला बेल्टबद्दलही सांगतो. खूण एका जागी स्थिर असेल तर बेल्ट ठीक. दोन-तीन अंश इकडेतिकडे नाचत असेल तर बेल्ट सैल किंवा क्रँकची पुली चावीवर हलते. सेन्सर फिरवून १० अंश येतच नसतील, खाच संपत असेल, तर एक दात चुकलाय. क्रँक पुलीला २० दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश, सेन्सर फिरवून ते लपवू नका.

दोन_कॅम:
शीळ अल्टरनेटरच्या बेल्टची निघाली, बाहेरचे बेल्ट काढल्यावर पूर्ण बंद. गार मोजणी पुन्हा १०. लाइटवर खूण १० अंशांवर स्थिर. शेवटचं विचारतो, ५०० किलोमीटरनंतर ताण पुन्हा लावायचा का?

शून्य_अंश:
नाही. बरोबर बसलेल्या दातेरी बेल्टला मधे पुन्हा आवळायची गरज नसते. वरचं कव्हर उघडून फक्त कडा, भुकटी आणि तेलाचा ओलावा बघा. दबणं ११.५ च्या पुढे गेलेलं दिसलं तर टेन्शनर सैल करू नका, आधी त्याचा बोल्ट आणि पुलीचं बेअरिंग तपासा. मूळ स्थितीतलं त्या काळातलं बीपी बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकवत नाही असं मानतात. तुमच्या इंजिनाचं हेड तासलेलं असेल किंवा कॅम जास्त उचलीचे असतील तर त्यावर विसंबू नका. बेल्ट चढवल्याची तारीख आणि किलोमीटर कव्हरवर पेनाने लिहून ठेवा.