मदत हवी आहे : अर्धतळघरातील अभ्यासिकेत रेडॉन वायूची मोजणी कशी करावी? (पुणे)

नमस्कार.

नवी पेठेतील आमच्या जुन्या इमारतीत जोत्याच्या पातळीखाली एक लांबट दालन आहे. त्याचा सुमारे अर्धा भाग जमिनीत असून रस्त्याच्या बाजूस छतालगत झरोके आहेत. माझे धाकटे बंधू तेथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवतात. मुले सकाळी येतात ती रात्रीच उठतात, आणि परीक्षेची जाहिरात लांबली की त्यांचा तेथील मुक्कामही लांबतो. येत्या उन्हाळ्यापूर्वी तेथे स्प्लिट एसी बसवावेत, त्यासाठी झरोके काच लावून कायमचे बंद करावेत आणि जुनी शहाबादी फरशी उखडून टाइल्स घालाव्यात, असा बंधूंचा बेत आहे. कंत्राटदाराचे अंदाजपत्रकही हाती आले आहे.

याच सुमारास माझी मुलगी व जावई अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घर घेत होते. तेथे खरेदीपूर्वी तळघरातील रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, मोजून घेण्याची पद्धत आहे. त्यांच्या घराचा आकडा ६ पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे सुमारे २२० बेक्वेरेल प्रति घनमीटर, इतका आला (ही दोन्ही किरणोत्साराची एकके; एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय). तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्ल्यानुसार ४ पिकोक्युरी, म्हणजे १४८ बेक्वेरेल, या पातळीपासून उपाय करायचा असतो. त्यामुळे विक्रेत्याने जमिनीतील हवा बाहेर खेचण्यासाठी काँक्रीटखाली नळी घालून तिला पंखा जोडून दिला आणि मगच व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर मुलीने काकांच्या अभ्यासिकेविषयी विचारले, तेव्हा घरात कोणापाशीही उत्तर नव्हते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे वाचून जेवढे उमगले तेवढेच लिहितो. खडकात आणि मातीत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमच्या क्षयातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. तो वायू असल्यामुळे मातीच्या पोकळ्यांतून वर सरकतो, आणि त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) सुमारे ३.८ दिवस असल्यामुळे जमिनीच्या फटींतून घरात शिरण्याइतका अवधी त्याला मिळतो. त्याला रंग नाही, वासही नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो, कोंदट जागेत साचतो. प्रत्यक्ष इजा मात्र त्याच्यापासून पुढे तयार होणाऱ्या पोलोनियमच्या अल्पायुषी समस्थानिकांमुळे (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंमुळे) होते, कारण ते धुळीच्या सूक्ष्म कणांना चिकटून फुप्फुसात जातात आणि तेथे अल्फा कण सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० बेक्वेरेल हा संदर्भ स्तर सुचवला, आणि तो पाळणे शक्य नसेल तेथेही ३०० ची मर्यादा ओलांडू नये असे म्हटले.

पेनसिल्व्हेनियातीलच स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्याची हकिकतही मुलीने कळवली. १९८४ च्या डिसेंबरात लिमरिक येथील अणुवीज प्रकल्पात त्याच्यामुळे किरणोत्साराचा इशारा देणारे यंत्र वाजू लागले, आणि शोध घेतल्यावर उगम प्रकल्पात नसून त्याच्या राहत्या घरात असल्याचे निघाले. तेथील रेडॉन २,७०० पिकोक्युरीच्या आसपास होता. तेव्हापासून आमच्याकडील मंडळी जरा अधिकच धास्तावली आहेत.

आता अडचण सांगतो. पुण्यासारख्या काळ्या पाषाणावर वसलेल्या शहरात ही चिंता करण्याजोगी आहे काय, हा पहिला प्रश्न. असल्यास मोजणी कशाने, कोठे आणि किती काळ करावी, आणि ती झरोके बंद करण्यापूर्वी करावी की नंतर? कंत्राटदार म्हणतो की एक मोठा एक्झॉस्ट पंखा लावला की सर्व प्रश्न मिटतील. दुसरे एक विक्रेते हवा शुद्ध करणारे यंत्र घ्या असे सुचवतात. फरशी आता उखडली जाणारच असल्याने तिच्याखाली काही करायचे असेल तर हीच वेळ आहे, अन्यथा पुढे पुन्हा तोडफोड करावी लागेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : कातळ

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. दख्खनच्या लाव्हाचा बेसाल्ट हा युरेनियमच्या दृष्टीने गरीब खडक आहे. ग्रॅनाइटमध्ये साधारणपणे दहा लाख भागांत ३ ते ५ भाग युरेनियम आढळते, तर आपल्या बेसाल्टमध्ये ते बहुधा एका भागाहूनही कमी असते. म्हणून हैदराबादच्या ग्रॅनाइटवर किंवा भंडारा-गोंदियाकडील अतिप्राचीन खडकांवर उभ्या असलेल्या तळघराविषयी मी जितका साशंक असेन, तितका नवी पेठेतील तळघराविषयी नाही. वॉट्रस यांच्या घराखालचा भूस्तर युरेनियमयुक्त होता. ती तुलना घरातील मंडळींनी मनातून काढून टाकावी.

तथापि घरातला आकडा केवळ खडकातील युरेनियमवर ठरत नाही. आपला पाषाण सांध्यांनी आणि भेगांनी भरलेला असतो, त्यावर मुरूम असतो, आणि त्यातून भूमिगत हवा सहज हलते. पावसाळ्यात बाहेरची माती पाण्याने गच्च झाली की तिची छिद्रे बुजतात, आणि मग इमारतीखालच्या कोरड्या मुरुमातून वर येणे हीच त्या हवेची सोपी वाट ठरते. शिवाय जेथे कमी रेडॉन येतो पण बाहेर जात नाही, तेथेही तो साचतोच. ओट्याच्या ग्रॅनाइटची किंवा राखेच्या विटांची धास्ती मात्र घेऊ नये. त्यांचा वाटा असतो, पण जमिनीशी थेट संबंध असलेल्या खोलीत तो सहसा दुय्यम ठरतो.

प्रतिसाद : मोजपट्टी

मोजणीविषयी सविस्तर लिहितो, कारण निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे.

रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डबीची चाचणी दोन ते सात दिवसांत उरकते, परंतु रेडॉनची पातळी दिवसागणिक, किंबहुना पहाट आणि दुपार यांतही, बदलत असल्यामुळे अशा एका आकड्यावर फरशी तोडण्याचा निर्णय घेऊ नये. अल्फा कणांचे माग टिपणारी फिल्म किमान तीन महिने ठेवली तर सरासरी विश्वासार्ह मिळते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी एक छोटी डबी विकसित केली आहे. तिच्यात एलआर-११५ ही फिल्म असते. मुदत संपल्यावर फिल्म सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून उमटलेले माग मोजतात. अनेक विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांनी या डब्यांनी घरोघरी मोजणी केलेली आहे, म्हणून आपण पुण्यातील विद्यापीठाच्या विभागात रीतसर पत्र देऊन विचारावे. या डबीचा आणखी एक लाभ असा की तिच्यातील दोन कप्प्यांमुळे रेडॉन आणि थोरॉन वेगळे मोजता येतात. थोरॉन हा थोरियमपासून होणारा रेडॉनचाच समस्थानिक असून त्याचे अर्धायुष्य मिनिटापेक्षाही कमी असते, त्यामुळे तो भिंतीच्या अगदी लगत जास्त आणि खोलीच्या मध्यावर नगण्य असतो.

दुसरा मार्ग म्हणजे घरगुती इलेक्ट्रॉनिक मापक. आपल्या कन्येकडे असल्यास भारतभेटीत आणवून घ्यावा. त्याच्या पहिल्या दिवसाच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे आणि निदान महिन्याची सरासरी पाहावी. २० आणि ३० बेक्वेरेल यांतील फरक असे यंत्र खात्रीने सांगू शकत नाही, पण ३० आणि ३०० यांतील फरक निश्चित सांगते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

मापक मुले बसतात त्या उंचीवर, जमिनीपासून निदान अर्धा मीटर वर, बाहेरच्या भिंतीपासून फूटभर आत आणि झरोक्यापासून तीन फूट दूर ठेवावा. पंख्याच्या झोतात किंवा प्रसाधनगृहाजवळ ठेवू नये. एक मापक वरच्या मजल्यावरही ठेवल्यास तळघराचा म्हणून वेगळा वाटा किती तो कळेल. मोकळ्या हवेतील पातळी साधारण ५ ते १५ बेक्वेरेल असते, तेव्हा शून्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. झरोक्यांबाबत सांगायचे तर एक मोजणी आज आहे त्या स्थितीत करावी, आणि दुसरी काच तात्पुरती चिकटवून, मापक ठेवण्याआधी निदान बारा तास खोली बंद राखून करावी. ही दुसरी मोजणी सुटीच्या काळात होऊ शकेल.

प्रतिसाद : पेठकरी

मंडळी, विषय रंजक आहे, पण प्रमाण सुटते आहे असे नम्रपणे वाटते. रस्त्याच्या पातळीवरील झरोक्यातून जो दुचाकींचा धूर आत येतो, त्याचे काय? २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या राजेंद्रनगरात तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. आपल्या मंजूर नकाशात त्या जागेचा वापर काय दाखवला आहे आणि बाहेर पडण्यास दुसरा दरवाजा आहे की नाही, हे आधी पाहावे. अदृश्य वायू नंतर पाहता येईल.

प्रतिसाद : मोजपट्टी

पेठकरी यांच्या आक्षेपात तथ्य आहे. धोक्याचे प्रमाण आकड्यांत सांगतो. युरोपातील तेरा अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार दीर्घकाळच्या सरासरीत दर १०० बेक्वेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तीला वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता रेडॉन नसताना ०.४ टक्के आणि आयुष्यभर ४०० बेक्वेरेलमध्ये राहिल्यास ०.७ टक्के येते. सिगारेट ओढणाऱ्यांत हेच आकडे १० आणि १६ टक्के होतात. दोन-तीन वर्षे अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचा वाटा यात लहान आहे. सर्वांत जास्त वर्षे तेथे बसणार ते धागाकर्त्यांचे बंधू, आणि ते धूम्रपान करत असतील तर पहिला उपाय कोणता हे उघड आहे.

प्रतिसाद : वातायन

मी इमारतींच्या वायुवीजनाचे काम करतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, हे बंधूंना अवश्य सांगावे. रेडॉनचा क्षय दिवसांच्या हिशेबाने होतो आणि हवा तासांच्या हिशेबाने बदलते. म्हणून खोलीत येणारा रेडॉन तेवढाच राहिला, तर तासाला खोलीतील हवेचा पाचवा हिस्सा बदलत असताना जी पातळी असेल ती पूर्ण हवा बदलू लागल्यावर जवळपास पाचव्या हिश्शावर येते. झरोके कायमचे बंद केल्यास याच्या नेमके उलट घडेल.

एक्झॉस्ट पंख्याविषयी सावध राहावे. बंद खोलीतून हवा केवळ बाहेर ओढल्यास आत दाब कमी होतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी जमिनीच्या फटींतून, नहाणीच्या ट्रॅपमधून आणि चेंबरच्या झाकणाभोवतून भूमिगत हवा वर खेचली जाते. येथे हवा आत ढकलणारा पंखा हवा, म्हणजे दाब किंचित वाढलेला राहील. हवा शुद्ध करणारे यंत्र धूळ पकडते, रेडॉन वायू पकडत नाही. ‘हवा स्वच्छ करणाऱ्या’ कुंड्यांचाही येथे उपयोग नाही.

फरशीखालचे काम मात्र मी मोजणीची वाट न पाहता करून घेईन, कारण आता त्याचा खर्च किरकोळ आहे. मुरूम दाबून त्यावर चार इंच स्वच्छ खडी, खडीत चार इंची छिद्रांची पीव्हीसी नळी, त्यावर सांधे एकमेकांवर चढवून पसरलेला जाड पॉलिथिन कागद, आणि मग कोबा. नळीचे तोंड गच्चीच्या वर नेऊन ठेवावे, खिडक्यांपासून निदान तीन मीटर दूर. पंखा आज लावण्याची आवश्यकता नाही. आकडा वाढलेला निघालाच तर नळीला पंखा जोडावा, तोडफोड न करता काम होईल. भिंत आणि कोबा यांच्या सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरावे. नुसत्या टाइल्सनी ही वाट बंद होत नाही.

प्रतिसाद : धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेठकरी, दुसरा दरवाजा मागच्या बोळात उघडतो, आणि नकाशाची प्रत बंधूंनी काढून ठेवली आहे. ती वास्तुविशारदांना दाखवून घेतो. विद्यापीठास पत्र लिहिले आहे आणि मुलगी येताना मापक आणणार आहे. झरोके तूर्त बंद करायचे नाहीत, एवढे बंधूंनी मान्य केले; तंबाखूविषयी मात्र चर्चा सुरू आहे.

दोन शंका उरल्या. दुपारनंतर मुलांना जडपणा येतो, डोके दुखते, ही रेडॉनची लक्षणे असू शकतील काय? आणि हवा आत ढकलणारा पंखा रस्त्याकडे लावला तर पेठकरी म्हणतात तो धूर आपणच विकत घेतल्यासारखे होईल, त्यास उपाय काय?

प्रतिसाद : वातायन

रेडॉनमुळे डोके दुखत नाही, त्याची तात्कालिक लक्षणेच नसतात. आपण वर्णन करता तो जडपणा बहुधा कोंदलेल्या हवेचा आहे. कार्बन डायऑक्साइडचा साधा मापक आणून दुपारी चार वाजता आकडा पाहावा. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. आत १,००० च्या बराच वर गेला तर माणसांच्या मानाने हवा अपुरी आहे असे समजावे, आणि त्यासाठी जी ताजी हवा आणाल तिने रेडॉनही उतरेल.

पंखा रस्त्याकडे लावू नये. मागच्या बोळाच्या भिंतीवरून, पहिल्या मजल्याच्या उंचीवर तोंड असलेली नलिका खाली आणावी, तिच्यात धुळीची जाळी आणि त्यामागे बारीक गाळणी बसवावी, आणि गाळणी सहज काढता येईल अशा ठिकाणी ठेवावी, कारण हातास न येणारी गाळणी कोणी बदलत नाही. रस्त्याकडील झरोके मग हवा बाहेर जाण्यासाठी किलकिले ठेवावेत. बोळात शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराचा धूर किंवा जनित्राचे धुराडे उघडत नाही ना, एवढे जागा निश्चित करण्यापूर्वी पाहून घ्यावे.