दागिना की घड्याळ: परत विकताना हातात काय पडतं?

सप्रेम नमस्कार मंडळी,

जाणकारांसाठी एक प्रश्न. सारख्याच किमतीचा हिरेजडित हार आणि नामांकित कंपनीचं पोलादी मनगटी घड्याळ, दोन्ही नवी घेतलेली. पाच-सात वर्षांनी विकायला काढली तर तूट कशात कमी? हाराचं विम्यासाठी केलेलं मूल्यांकन भरघोस येतं, पण सराफ त्याच्या जवळपासही जात नाही. घड्याळांच्या जाहिरातींत मात्र मूळ किमतीपेक्षा चढे भाव दिसतात. यातलं खरं किती? कृपया हिशेबासकट लिहावं.

---

उत्तर: दागिना की घड्याळ

ताई,

विम्याचा आकडा आधी बाजूला ठेवा. हार हरवला तर तसाच नवा घ्यायला दुकानात किती मोजावे लागतील, एवढंच तो सांगतो. घेणारा त्याकडे बघतही नाही.

पावतीच्या रकमेत धातू, खडे, घडणावळ, दुकानदाराचा नफा आणि कर असं सगळं असतं. विकताना धातूचे पैसे बऱ्यापैकी परत येतात, खड्यांचे थोडे, बाकीचे गेले म्हणून समजा. म्हणून हिशेब धातूपासून सुरू करावा. समजा हार १८ कॅरेटचा, काट्यावर ४० ग्रॅम, आणि त्यात ६ कॅरेटचे खडे आहेत. खड्यांचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा १.२ ग्रॅम वजा. उरले ३८.८, त्याला ०.७५ ने गुणलं की २९.१ ग्रॅम शुद्ध सोनं. २२ कॅरेटला ०.९१६ ने गुणायचं, १४ ला ०.५८५ ने. आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसाचा असतो, तो ग्रॅमवर आणायला ३१.१०३५ ने भागा. नेहमीच्या २८.३५ ग्रॅमच्या औंसाने भागलं की भाव फुगतो आणि सराफाशी विनाकारण वाद होतो. ही झाली मोडीची किंमत. यातून गाळताना येणारी घट आणि घेणाऱ्याचा नफा जाणारच.

कस तपासताना सांभाळा. एक्स-रे यंत्र धातूचा वरचा पातळ थरच वाचतं. पांढऱ्या सोन्यावर रोडियम या चकचकीत पांढऱ्या धातूचा मुलामा असला किंवा यंत्राचा झोत नेमका झाळलेल्या सांध्यावर पडला, तर आकडा चुकतो. मागच्या बाजूला दोन-तीन वेगवेगळ्या जागी वाचन घ्यायला लावा. आत लाख भरलेला दागिना असेल तर एकूण वजनावरून काहीच ठरत नाही.

आता हिरे. बारीक हिऱ्यांचे पैसे फार थोडे येतात, कारण ते काढणं, निवडणं, मापाप्रमाणे लावणं ही मजुरीच त्यांच्या किमतीवर चढते. एक कॅरेटच्या पुढचा, जीआयए या रत्नं पारखणाऱ्या संस्थेचा अहवाल असलेला हिरा मात्र वेगळा विचारला जातो. हिऱ्याचा भाव वजनाच्या टप्प्यांवर उडी मारतो. ०.९८ आणि १.०० कॅरेट डोळ्याला सारखेच, पण प्रतिकॅरेट भावात फरक पडतो. म्हणून कड टवकलेला १.०१ चा हिरा घासून घ्यायच्या आधी दहादा विचार करा. बऱ्याच हिऱ्यांच्या कमरेवर, म्हणजे मधल्या सगळ्यात रुंद कडेवर, अहवालाचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो. दहापट भिंगातून तो अहवालाशी जुळतो का, हे विकायला जाण्याआधी तुम्हीच पाहा.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा असेल तर फेरविक्रीची आशा जवळजवळ सोडाच. डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये अशा हिऱ्यांचा लाइटबॉक्स हा ब्रँड काढून कॅरेटला ८०० डॉलर असा सरळ भाव लावला होता. पुढे अशा हिऱ्यांचे घाऊक भाव इतके घसरले की २०२५ मध्ये तो ब्रँडच गुंडाळत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. नवा हिरा स्वस्त होत गेला, तर जुन्याला गिऱ्हाईक कुठून येणार?

पाचूचा दागिना विकण्याआधी अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊ नका. भेगांत मुरवलेलं तेल निघून जातं आणि झाकलेल्या सगळ्या चिरा उघड्या पडतात.

नामांकित ब्रँडचे दागिने मोडीच्या हिशेबाला अपवाद. कार्तिएचं लव्ह कडं (१९६९) किंवा व्हॅन क्लीफची अल्हाम्ब्रा माळ (१९६८) मोडीच्या कितीतरी वर जाते, पण शिक्का आणि क्रमांक शाबूत असेल तरच. वारंवार पॉलिश करून तो पुसट झाला, की घेणारा ते नुसत्या सोन्याच्या भावात मागतो.

---

उत्तर: उत्तर: दागिना की घड्याळ

काका, धातूचा हिशेब अगदी चोख. घड्याळात नेमकी तीच बाजू रिकामी आहे. पोलादाला मोड नाही, त्यामुळे मागणी बसली की भाव अडवायला खाली काहीच नसतं. रोलेक्सची सबमरीनर, जीएमटी, डेटोना, पाटेकचं नॉटिलस, ओदमार पिगेचं रॉयल ओक अशी मोजकीच मॉडेलं भाव धरून असतात. बाकी बहुतेक महागडी घड्याळं दुकानाबाहेर पडताच उतरतात. आणि धरून असणारीही कायम चढत नाहीत. पाटेकने २०२१ मध्ये पोलादी नॉटिलस ५७११ बंद केल्यावर भाव आभाळाला भिडले, २०२२ च्या सुरुवातीला शिखर गाठलं आणि मग सगळा बाजारच उतरला. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो, ताई. पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे पाहा, आणि तेही त्याच संदर्भ क्रमांकाचे, त्याच डायलचे, डबा-कार्डासकट असलेल्या घड्याळाचे.

पॉलिशवर मात्र जोर देऊन लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पट्टा जिथे जोडतो ती केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची, चार टोकं वरून पाहा. चौघांची जाडी सारखी हवी, आणि घडणीतच तिरकी कड असेल तर तिची रेघ धारदार दिसायला हवी. यंत्रावर धरून चकचकीत केलेल्या केसवर ती रेघ गोल होऊन वितळल्यासारखी दिसते, पट्टा अडकवायची त्या टोकांतली भोकं कडेच्या जवळ आलेली दिसतात. गेलेला धातू परत येत नाही. बारीक चरे असलेलं, हात न लावलेलं घड्याळ जाणकार जास्त देऊन घेतो.

सर्व्हिसला देताना लेखी कळवा: पॉलिश नको, डायल-काटे बदलू नका, काढलेले जुने भाग परत द्या. जुन्या घड्याळाला नवं डायल बसलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडली. जुन्या डायलचे ठिपके अंधारात चमकावेत म्हणून ट्रिशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरत. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. तेव्हा १९७० च्या डायलवर खाली ट्रिशियमची खूण आहे आणि ठिपके अंधारात तासन्‌तास लखलखतात, तर ते नंतर कुणीतरी रंगवलेले आहेत.

चाल तपासायला टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र, वापरतात. पूर्ण चावी दिल्यावर, घड्याळ आडवं ठेवून, अँप्लिट्यूड, म्हणजे आतल्या तोलचक्राचा झोका, साधारण २७० ते ३१० अंश असावं. २२० च्या आसपास आलं तर सर्व्हिसचा खर्च भावातून कापला जाणार. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (हा झोका मोजायला लागणारा, घड्याळाच्या यंत्रणेप्रमाणे बदलणारा कोन) आधी बरोबर भरा. बऱ्याच रोलेक्सना ५२ चालतो, ओमेगाच्या वेगळ्या रचनेच्या को-अ‍ॅक्सियलला ३८. तो चुकला की चांगलं घड्याळही आजारी दिसतं.

बाहेरून हिरे बसवून घेऊ नका. केस भोकं पाडून बिघडते, कंपनीचं सर्व्हिस केंद्र हात लावायला नकार देऊ शकतं, आणि त्या हिऱ्यांचे पैसे काकांनी सांगितलेल्या बारीक हिऱ्यांइतकेच.

---

उत्तर: उत्तर: उत्तर: दागिना की घड्याळ

दोघांनाही धन्यवाद. ताईंच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: तुम्ही म्हणता तसा हार सहसा जास्त तूट देतो, योग्य मॉडेलचं घड्याळ सगळ्यात कमी, आणि चुकीच्या मॉडेलचं घड्याळ हारापेक्षाही वाईट ठरू शकतं. सोन्याचं घड्याळ मधे बसतं, पण केस-पट्टा वितळवून येणारी रक्कम यंत्र आणि काच वगळून काढा.

विकायचा मार्गही भावात धरा. रोख घेणारा सगळ्यात कमी देतो पण त्याच दिवशी देतो. विक्रीसाठी ठेवून घेणारा दलाली कापतो, वस्तू महिनोन्‌महिने अडकते. तोवर विमा कोणाचा, हे करारात लिहून घ्या. लिलावात विकणाऱ्याकडून दलाली आणि घेणाऱ्याकडून वरची आकारणी असे दोन्हीकडून पैसे जातात. बातमीतल्या आकड्यात सहसा ती आकारणी धरलेली असते. फिलिप्सच्या २०१७ च्या लिलावात पॉल न्यूमनच्या डेटोनाला १.७७ कोटी डॉलर आले, तेही तसेच.

घड्याळ विकत घेणाऱ्यांनी अनुक्रमांक आधी द वॉच रजिस्टर या चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे तपासून घ्यावा. चोरीचा निघाला तर पैसे आणि घड्याळ दोन्ही जातात. विकणाऱ्यांनी उघड जाहिरातीत अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाकावेत, वॉरंटी कार्डाच्या फोटोतसुद्धा.