फौंड्रीची नोकरी सोडून देवळाची पूजा धरावी का?

मलप्रभाकाठचा (धागाकर्ता)

आमच्या घरात सध्या याच्यावरूनच जुंपली आहे. पुतण्या बी.कॉम. झालाय, बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघतो. आता म्हणतो, नोकरी सोडतो, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या महादेवाची पूजा पूर्णवेळ धरतो आणि जोडीला याज्ञिकी, म्हणजे घरोघरचे पूजा-होम सांगायचं काम, शिकतो. आम्ही गुरव, पूजा घरचीच. तरी माझं मत: धरू नये.

पणजोबांच्या काळी वर्षभराची पूजा एकाच घरात होती. पुढं भावाभावांत पाळ्या पडल्या, त्यांच्या पोरांत परत वाटण्या झाल्या, आणि आता एकेका घराला पाळी येईपर्यंत देवसुद्धा आपल्याला विसरत असेल. जमीन होती ती इनामं गेली तशी गेली. उरली मुजराई खात्याची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या देवस्थान खात्याची, तस्तीक: पूजेसाठीचं वार्षिक अनुदान. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात 'क' वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात कमी उत्पन्नाच्या, देवळांची तस्तीक वर्षाला 60,000 वरून 72,000 करायचं जाहीर झालं. म्हणजे महिन्याला सहा हजार. त्याच अर्थसंकल्पात मशिदीत नमाज पढवणारे पेशइमाम, जैन पुरोहित आणि गुरुद्वाराचे मुख्य ग्रंथी यांचं मानधनही महिन्याला सहा हजारच. देव कुठलाही असो, त्याच्या माणसाचा सरकारी दर एकच! त्यात आमच्याकडं भावकीत वाटणी, शिवाय समईचं तेल पुजाऱ्याच्याच माथी. करिअर म्हणायचं ते कशाला?

शहापूरचे_गुरुजी

दादा, तुम्ही फक्त गाभारा मोजताय. पोट बाहेरच्या कामावर चालतं. गणेश चतुर्थीच्या सकाळी मी शहापूर, वडगाव, अनगोळ करत टिळकवाडी गाठतो. एका घरची आरती संपायच्या आत पुढच्या घरचा फोन. वास्तुशांत, सत्यनारायण, लग्न, मुंज, बारसं. संकल्प मराठीतून समजावून सांगितला आणि शेजारच्या कानडी पाहुण्यांना कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगितली, की पुढचं आमंत्रण तिथंच पक्कं. ही दोन भाषांची सोय पुण्याच्या गुरुजींना नाही.

आता खोटं कशाला बोलू, वर्ष सारखं जात नाही. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं बंद. श्रावण हात देतो, पितृपक्षात श्राद्धं असतात, पण अधिक महिना आला की मुहूर्त पुढं आणि गुरुजी मागं. पैसे साठवायची अक्कल लागते. आणि गुडघे. तासन् तास मांडी घालून बसायचं, उठलं की परत स्कूटरवर. पण नोकरीवाल्याला कोण पाया पडून दक्षिणा देतं?

कॅम्पातली

माझे बाबा मेथडिस्ट चर्चचे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू होते, म्हणून लिहिते. लंडन मिशन ही ख्रिस्ती मिशनरी संस्था बेळगावात 1820 साली आली, 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेलं. म्हणजे नोकरीत जे असतं, पगार, घर, बदली, निवृत्ती, ते सगळं आमच्याकडं जुनंच आहे. तरी नोकरी झाली असं मला कधी वाटलं नाही. चर्चच्या वार्षिक सभेच्या, कॉन्फरन्सच्या, शेवटी बिशप नेमणुकांची यादी वाचायचे. आई यादीची वाट बघत नसे, आधीच भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची. शाळेच्या मधल्या वर्षात मैत्रिणी सुटायच्या. रात्री-अपरात्री कुणी गेलं की बाबा निघणार, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी चहा कुणी नेला नाही म्हणून बोलणी आईला. पगार एकाचा, राबायचं सगळ्या घरानं. आणि घर चर्चचं, निवृत्तीला किल्ली परत.

तेव्हा पुतण्याला पैशाचं विचारू नका, त्याच्या होणाऱ्या बायकोला हे चालणार आहे का ते विचारा.

वडगावकर_पाटील

होणारी बायको म्हणता ताई, पण पोरगी कोण देणार वो? आमच्या गल्लीत एका भटजीच्या पोरासाठी बघूलेत बघूलेत, अजून बघूलेतच. पोरगं महिन्याला इंजिनिअरएवढं कमवतंय, पण बायोडेटात 'पौरोहित्य' वाचलं की फोन ठेवतात. कॅथलिक फादर लोकांना लग्नच नाही, तेवढी तरी कटकट नाही.

चंदगड_सीमा

मूळ मुद्द्यावर कुणी बोलेना. पूजा वंशानं का? सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये केरळच्या खटल्यात सांगितलं की शिकलेला, विधी येणारा माणूस ब्राह्मण नसला तरी पुजारी होऊ शकतो. मग गुरवाच्या पोरानं याज्ञिकी शिकावी तसंच दुसऱ्या कुणी शिकून तुमच्या देवळात यावं. पाळ्या मोडा, एक शिकलेला माणूस पगारावर ठेवा. ज्ञान प्रबोधिनी पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवते, आणि आपण अजून कुणाची पाळी म्हणून भांडतोय.

मलप्रभाकाठचा

@चंदगड_सीमा, पगारावर ठेवा म्हणायला सोपं. आमच्या शेजारच्या गावात कमिटीनं ठेवला होता. अध्यक्षांच्या घरची पूजा फुकट, जत्रेत मंडपाला दोरी बांधायला पुजारीच, आणि दिवा विझला तर जाब. वंशाच्या पुजाऱ्याला असं हाकलता तरी येत नाही. पण सुतक पडलं की आमचंही अडतं, कारण भावकी सगळी एकाच सुतकात. मग सोयऱ्यांतल्या कुणाच्या तरी हातापाया पडायचं. सुट्टी नावाची गोष्ट नाहीच.

शहापूरचे_गुरुजी

@चंदगड_सीमा, न्यायालयाचं मान्य. पण गाभाऱ्याची पूजा आणि याज्ञिकी ही दोन वेगळी कामं आहेत. याज्ञिकी महिन्या-दोन महिन्यांत येत नाही, स्वर बसायला वर्षं जातात. गुरवाचं पोर मन लावून शिकत असेल तर मी शिकवीन, उगाच जातीवर नेऊ नका. फक्त मोबाईल बघून मंत्र म्हणणारा नको. तसले आता गल्लोगल्ली झालेत.

कॅम्पातली

गुरुजी, शिकवाल तर घरातल्या मुलींनाही?

शहापूरचे_गुरुजी

यजमान तयार करा, मी तयार आहे. (बायकोनं हे वाचलं तर आधी तीच वहीपेन घेऊन बसेल.)

मलप्रभाकाठचा

पुतण्या हे सगळं वाचतोय. त्याचं म्हणणं, काकांनी सहा हजारच धरले, गुरुजींचा श्रावण धरलाच नाही. बरं, धरला. मग असं करू: याज्ञिकी शनिवार-रविवारी शिकायची. भावकीतल्या बाकी घरांनी आपल्या पाळ्या त्याला सोडायच्या, आणि आजारपणात बदली माणूस द्यायचं कमिटीनं लेखी द्यायचं. लेखी आलं तर माझा विरोध नाही. तोवर फौंड्रीत राजीनामा द्यायचा नाही.

वडगावकर_पाटील

भावकी लेखी देणार? काका, त्यापेक्षा पोरगी लवकर मिळंल.