पहिल्या मजल्यावरच्या दुकानाची पाटी रस्त्यावरून वाचता यावी, यासाठी काय करावे?

चादरवाला, सोलापूर
नवी पेठेजवळ रहदारीच्या रस्त्यावर एका व्यापारी संकुलात, पहिल्या मजल्यावर आमचे चादरी-टॉवेलांचे दुकान आहे. दर्शनी भिंतीवर वीस फूट बाय तीन फुटांचा फ्लेक्स असून त्यावर ‘सिद्धेश्वर’ हे नाव, वडिलांचे छायाचित्र, सात प्रकारच्या मालाची यादी आणि तीन फोन नंबर आहेत. तरीही बाहेरगावचे गिऱ्हाईक पाटीच्या थेट खाली उभे राहून फोन करते आणि दुकान कुठे आहे, असे विचारते. शिवाय दीड वर्षात लाल रंगाचा गुलाबी झाला. नवी पाटी करताना अक्षरे केवढी ठेवावीत आणि ती कशाची करावीत?

जुना पेंटर
आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा, की दर दहा फुटांच्या अंतराला अक्षराची उंची एक इंच धरावी. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे ८ मीटर पुढे जाते. वाचायला तीन सेकंद मिळावेत असे म्हटले, तर पाटी साधारण ८० फुटांवरून कळली पाहिजे, म्हणजे अक्षर आठ इंचांचे हवे. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. वेलांटी, मात्रा आणि उकार यांची जागा वेगळी सोडावी, नाहीतर कारागीर तेवढ्याच उंचीत सगळे कोंबतो आणि मूळ अक्षर पाच इंचांवर येते. आपल्या नावात ‘द्ध’ आणि ‘श्व’ आहेत. जाड वळणात ‘द्ध’च्या पोटातली पोकळी बुजते, आणि मागून दिवा लावला की तिथे नुसता डाग दिसतो. तेव्हा मध्यम जाडीचे, मोकळे वळण घ्यावे. यादी आणि फोन नंबर काढून टाकावेत. चालत्या गाडीवरून नंबर कोणी टिपून घेत नाही.

वास्तुरचनाकार
अक्षरांचा मुद्दा योग्यच आहे, पण आपली खरी अडचण पाटीच्या जागेची आहे, असे मला वाटते. भिंतीला सपाट लावलेला फलक रस्त्यापलीकडच्या माणसासाठी असतो. खालून चालणाऱ्याला त्याची फक्त कड दिसते. त्यामुळे भिंतीला काटकोनात एक लहान, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा बोर्ड लावावा आणि जिन्याच्या तोंडाशी डोळ्यांच्या उंचीवर नाव व बाण द्यावा. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले पॉलिस्टर कापड. छपाईतला लाल रंग पिवळा आणि मॅजेंटा मिळून होतो. उन्हात पिवळा बहुधा आधी उडतो आणि मागे गुलाबी उरतो. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात एसीपीवर (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या प्लॅस्टिकच्या तक्त्यावर) रंगीत ॲक्रिलिकची उठावाची अक्षरे बरी, आत १२ व्होल्टचे एलईडी असावेत. त्यांचा पॉवर सप्लाय मात्र पत्र्यामागे कोंडू नये. फ्रेम गिलाव्यावर न ठोकता काँक्रीटच्या तुळईत अँकर बोल्टने बसवावी, कारण वळवाचा वारा काटकोनातल्या बोर्डाला शिडासारखा ओढतो. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून १७ जण दगावले. आपली पाटी त्यापुढे चिमुकली असली, तरी तिच्याखालून माणसेच जाणार आहेत. महापालिकेच्या परवान्याचीही आधी चौकशी करावी.

कायदा पाहणारा
महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटीवर नाव प्रथम मराठीत, देवनागरीत हवे आणि इतर लिपीतील अक्षरे त्याहून मोठी असता कामा नयेत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड वाचणारे गिऱ्हाईक बरेच असते, त्यांच्यासाठी दुसरी ओळ जिन्याजवळच्या पाटीवर द्यावी, म्हणजे मुख्य फलकावर गर्दी होणार नाही.

चादरवाला, सोलापूर
सर्वांचे आभार. काल आठ इंचांची अक्षरे जाड आणि मोकळ्या अशा दोन्ही वळणांत कागदात कापून जुन्या फ्लेक्सवर चिकटवली आणि ऐंशी फुटांवरून पाहिली. जाड वळणातला ‘द्ध’ खरोखरच डाग दिसला. मोकळ्या वळणातला स्पष्ट वाचता आला. वडिलांचे छायाचित्र आता गल्ल्यामागच्या भिंतीवर जाईल. त्यांना ते अजून पटलेले नाही.