अनुभव धागा: 'सेस्क्विपिडेलियन', दीड पावलाचा शब्द

'सेस्क्विपिडेलियन' हे इंग्रजी विशेषण कोशात दिसलं आणि आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. अर्थ: लांबलचक (शब्द), किंवा असे शब्द वापरणारा. लॅटिनमध्ये 'सेस्क्वि' म्हणजे दीड, 'पेस' म्हणजे पाऊल. रोमन कवी होरेस 'आर्स पोएतिका'मध्ये सांगतो, टेलिफस आणि पेलेउस हे शोकांतिकेतले राजे देशोधडीला लागलेले असताना प्रेक्षकाचं काळीज हलवायचं असेल, तर त्यांनी फुगीर बोलणं आणि हे दीड पावली शब्द टाकून द्यावेत. इंग्रजीत ते सतराव्या शतकात आलं. तुम्हाला हे 'दीड' कुठे भेटलं? लांब शब्दाने कधी अडवलं का? मोकळेपणाने लिहा.

*

मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या रोमन अवशेषांत जमिनीखालून गरम हवा खेळवायची सोय दिसते. त्यासारख्या बांधकामात वापरलेल्या दीड पावली चौकोनी विटेचं नावच 'सेस्क्विपेदालिस'! संग्रहालयात तशा विटेशेजारी हात धरून पाहिला. कोपर एका कडेला, मधलं बोट जवळजवळ दुसऱ्या कडेला. रोमन पाऊल साधारण 29.6 सेंटिमीटरचं, म्हणजे दीड पावलं 44 च्या वर. अहो, हा तर आपला मोजायचा हात! आई गजरा असाच मोजून घ्यायची. तेव्हा मराठीत 'दीडफुटी' कशाला, सरळ 'हातभर लांब' म्हणा. मला तरी याहून नेमकं भाषांतर सुचत नाही.

*

वा ताई, हात आवडला. मला हे दीड कृषी महाविद्यालयात भेटलं, मृदाशास्त्राच्या तासाला. कोकणात धो धो पावसाने मातीतली सिलिका आणि क्षार वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची 'सेस्क्विऑक्साइडं' मागे राहतात. धातूचे अणू 2, ऑक्सिजनचे 3, म्हणजे एकाला दीड. जांभ्याचा लाल रंग त्यातल्या लोहाचा. सुट्टीत घरी गेल्यावर हे आजोबांना सांगितलं. त्यांना दीडकी, म्हणजे दीडाचा पाढा, तोंडपाठ. त्यांनी अंगणातला चिरा नखाने खरवडला, लाल झालेलं बोट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "म्हणजे हा दीडकीचा रंग."

*

होरेसचं वाचून लिहावंसं वाटलं. बाबांच्या रिपोर्टवर 'ग्लोमेरुलोनेफ्रायटिस' लिहिलं होतं. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाबा बाहेर बाकावर बसून बोटाने एकेक अक्षर जोडत राहिले. मी काही विचारलं तरी मान वर करेनात. शेवटी एक नर्सताई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "काका, मूत्रपिंडात बारीक बारीक गाळण्या असतात. चहाची असते ना, तशाच. त्यांना सूज आलीय."

बाबांनी कागदाची घडी घातली आणि त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला.

"उतरेल ना?"